पेटीतलं बाळ आता कॉलेजात जातं

वेळेआधी झालेलं मूल एकदा शाळेत जायला लागलं, की त्याच्या जन्माविषयी घरात कुणी बोलत नाही. बोलावंसं वाटतच नाही हो. ते दिवस नुसते आठवले तरी पोटात गोळा येतो. काचेची पेटी, तिच्याभोवती सतत वाजणारी यंत्रं, एवढ्याशा नाकातली नळी, आणि आपण बाहेर बाकावर बसून आत बोलावण्याची वाट बघतोय. मग बाळ घरी येतं, बाळसं धरतं, पहिला वाढदिवस होतो. आपण सगळे मिळून ठरवून टाकतो की संपलं एकदाचं.

माझी लेक एकोणतिसाव्या आठवड्यात झाली. वजन अकराशे ग्रॅम. आता ती रोज सकाळी मुलुंडहून लोकल पकडून माटुंग्याला कॉलेजला जाते. तिला बघून कुणाला काही सांगितलं तर खरं वाटणार नाही.

पण आईला दिसतं. स्टेशनचा पूल चढताना मैत्रिणी बोलत बोलत वर जातात आणि ही मधल्या टप्प्यावर थांबते. पर्समधून मोबाईल काढते, काहीतरी वाचल्यासारखं करते. दोन श्वास घेते आणि मग चढते. मोबाईलमध्ये काहीही आलेलं नसतं. दम लागलाय हे कुणाला कळू नये, एवढ्याचसाठी तो असतो.

शाळेत असतानाही असंच. पीटीच्या तासाला ती मागे राहायची आणि शिक्षक म्हणायचे, जरा अंग हलव. घरी आपणही काय म्हणतो? ‘दिवसभर लोळतेस, मग दम लागणारच.’ हे वाक्य कुठल्या घरात नसतं? आपण वाईट हेतूने बोलत नाही. ऑफिसातून दमून आलेलो असतो, कुकर लावायचा असतो, आणि मूल धापा टाकताना दिसलं की आतून भीती वाटते. ती भीती तोंडातून रागाने बाहेर पडते.

म्हणूनच आज हे बोलायचंय. जी मुलं फार लवकर, म्हणजे बत्तिसाव्या आठवड्याच्या आत जन्मली, त्यांच्या फुप्फुसांची गोष्ट पेटीतून बाहेर आल्यावर संपत नाही. ती मोठेपणीही चालू राहते. आणि ती गोष्ट त्या मुलाला सांगायला आपल्याशिवाय कुणीच नाही.

आधी थोडं शरीराचं. पोटात असताना साधारण चोविसाव्या आठवड्यापासून बाळाच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट नावाचा एक पातळ थर तयार व्हायला लागतो. पुरेसा होईपर्यंत चौतिसावा-पस्तिसावा आठवडा उजाडतो. तो कमी असेल तर श्वास सोडला की फुप्फुसातले हवेचे इवलाले कप्पे मिटून जातात आणि पुन्हा उघडायला फार जोर लागतो. आपल्या बाळाच्या छातीला श्वास घेताना खळगा पडायचा, आठवतंय? तो त्यामुळेच.

हे कप्पे मोठ्या माणसात सुमारे ४८ कोटी असतात. पूर्ण दिवसांच्या बाळातसुद्धा जन्मताना त्यातला थोडाच भाग तयार असतो. बाकीचे पुढे होतात, पहिल्या दोन-तीन वर्षांत फार वेगाने आणि मग सावकाश. आपल्या मुलांच्या बाबतीत हे काम सुरू होण्याआधीच त्यांना बाहेरची हवा घ्यावी लागली. शिवाय ज्या यंत्राने आणि ऑक्सिजनने त्यांना वाचवलं, त्याच यंत्राच्या दाबाचा आणि त्याच ऑक्सिजनचा त्या कोवळ्या फुप्फुसांना त्रासही झाला. यात कुणाचा दोष नाही. दुसरा रस्ताच नव्हता.

दुसरा रस्ता नसायचा म्हणजे काय, ते जुन्या गोष्टी वाचल्या की कळतं. १९६३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे लवकर झाला. वजन दोन किलोच्या वर होतं. आज आपल्याकडे अशा बाळाबद्दल डॉक्टर सहसा निर्धास्त असतात. तो दोन दिवसांत गेला. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाच्या घरी पैसा, डॉक्टर सगळं होतं, पण सर्फॅक्टंट कमी असण्याच्या या आजारावर औषधच नव्हतं. गर्भवतीला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी १९७२मध्ये दाखवलं. बाहेरून सर्फॅक्टंट देऊन बाळं वाचल्याचं जपानमधून १९८०मध्ये प्रसिद्ध झालं. ते सगळीकडे पोचायला आणखी वर्षं गेली.

आपल्या मुंबईतही त्या काळात माणसं झटत होती. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आईच्या दुधाची बँक सुरू केली. आशियातली ती पहिली. तिथे येणाऱ्या गरीब घरांतल्या नाजूक बाळांना वरचं दूध द्यायला लागू नये, म्हणून. आणि २०१७मध्ये सांताक्रूझच्या एका रुग्णालयातून बावीस आठवड्यांचं, जन्माच्या वेळी ६१० ग्रॅमचं बाळ सुखरूप घरी गेलं, ती बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. मी तर ती परत परत वाचली होती.

पण एक गोष्ट बघा. इतक्या लवकर जन्मून, सर्फॅक्टंट आणि व्हेंटिलेटरच्या आधाराने वाचलेली जगातली पहिली मोठी पिढी आज जेमतेम पस्तिशी-चाळिशीत आहे. त्यांची साठी कशी असेल, हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. आपले डॉक्टर सांगत नाहीत म्हणून आपण चिडतो, पण त्यांच्याही समोर ही पाटी कोरीच आहे.

तरुणपणापर्यंतची माहिती मात्र थोडी हाताशी आहे. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार मोलाचं काम केलं. १९८७ ते १९८९ या काळात तिथल्या नवजात विभागातून घरी गेलेली, दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेली मुलं त्यांनी अठरा वर्षांची होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली. इतकी वर्षं धाग्याला धागा जोडून ठेवणं आपल्या देशात सोपं नाही. घरं बदलतात, पत्ते बदलतात, मुली लग्न होऊन जातात. त्यांच्या नोंदींचा भर मुलांच्या वाढीवर आणि बुद्धीवर होता. फुप्फुसांबद्दलची मोठी माहिती परदेशातून आली. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली सव्वीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांना एकोणिसाव्या वर्षी तपासलं, तेव्हा त्यांची फुंकण्याची ताकद बरोबरीच्या मुलांपेक्षा सरासरीने बरीच कमी आढळली. २०१९मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अशा नऊशेहून अधिक तरुण मुलांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. तिथेही तेच दिसलं. ज्यांना जन्मानंतर खूप दिवस ऑक्सिजन लागला होता, त्यांच्यात जास्त.

घाबरू नका. सरासरी म्हणजे तुमचं मूल नव्हे. यातली पुष्कळ मुलं निरोगी माणसाच्या मर्यादेतच असतात, नोकऱ्या करतात, नाचतात, खेळतात. मला फक्त पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो.

फुप्फुसांची ताकद सगळ्यांचीच वीस ते पंचवीसच्या दरम्यान सर्वांत जास्त असते. त्यानंतर दर वर्षी ती थोडी थोडी उतरते. आपल्या मुलांचं भांडवलच जरा कमी जमलेलं असतं. म्हणजे विशीत काही जाणवलं नाही तरी उतरणीवर त्यांना लवकर जाणवू शकतं. सीओपीडी हा दम लागण्याचा आजार आपण विडी-सिगारेट ओढणाऱ्या आजोबांचा समजतो. पण २०२३पासून या आजाराच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत, लहानपणी फुप्फुसांची वाढ अपुरी राहिल्यामुळे होणारा सीओपीडी असा एक वेगळा प्रकारच नोंदवला आहे. त्यात वेळेआधीच्या जन्माचा उल्लेख आहे.

आता विचार करा. आपली लेक चाळिशीत दम लागतो म्हणून डॉक्टरांकडे जाईल. डॉक्टर विचारतील, सिगारेट ओढता का? नाही. घरात दमा कुणाला? नाही. किती आठवड्यांत जन्मलात, असं मोठ्या माणसाला सहसा कुणी विचारत नाही. तेव्हा आपण असू किंवा नसू. तिला ते ठाऊक हवं.

लहानपणी आपल्यातल्या पुष्कळांच्या मुलांवर दम्याचा शिक्का बसलेला असतो. पावसाळा सुरू झाला की छाती घरघरते, रात्री उठून नेब्युलायझर लावायचा, शेजारच्या काकू म्हणतात थंड पाणी देऊ नका, केळं देऊ नका. खरं म्हणजे या मुलांची घरघर नेहमी ॲलर्जीच्या दम्यातली नसते. काही मुलांच्या श्वासनळ्याच जरा अरुंद असतात. म्हणून पंप काहींना छान लागू पडतो, काहींना फारसा नाही. पंप आपल्या मनाने बंद करू नका, एवढं मात्र हात जोडून सांगते. डॉक्टरांना जन्माची हकिगत सांगा आणि याचा काही संबंध असेल का, असं सरळ विचारा. विचारायला संकोच वाटतो, मागे रांग असते, कंपाउंडर पुढचं नाव पुकारत असतो. तरी विचारा.

आता सांगण्याबद्दल. आमच्याकडे हा विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘कशाला पोरीच्या डोक्यात भरवतेस? चांगली धडधाकट आहे.’ त्यांचंही चूक नव्हतं. पेटीबाहेर त्यांनीही रात्री काढल्या होत्या, नवस बोलल्या होत्या. आणि मनात आणखी एक काळजी होतीच, जी कुणी उघड बोलत नाही. मुलीचं लग्न. उद्या स्थळ आलं आणि कुणाच्या कानावर गेलं की लहानपणी फुप्फुसं कच्ची होती, तर? मुलगा असता तरी नोकरीच्या मेडिकलची भीती वाटली असतीच.

मला ही काळजी कळते, मी ती केलेली आहे. पण जगापासून लपवणं वेगळं आणि जिची फुप्फुसं आहेत तिच्यापासून लपवणं वेगळं.

बारावीच्या सुट्टीत एका दुपारी आम्ही दोघींनी ते कागद पलंगावर पसरले. मी ठरवलं होतं की रडायचं नाही, आणि भीती वाटेल अशा सुरात बोलायचं नाही. तिला आधी फोटो दाखवले. मग डिस्चार्ज कार्ड. किती दिवस नळी, किती दिवस नुसता ऑक्सिजन, रक्त कधी चढवलं. ती वाचत राहिली. मग मी स्टेशनच्या पुलाचा विषय काढला. तिला दम का लागत असेल, ते समजेल तसं सांगितलं.

ती म्हणाली, ‘म्हणजे मी आळशी नव्हते?’

इतकी वर्षं या मुलीने आपल्याबद्दल हे मनात धरलं होतं. वर्गात सगळ्यात मागे धावणारी, ट्रेकला ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणणारी, डान्सच्या ग्रुपमधून स्वतःहून नाव काढून घेणारी मुलगी मनातल्या मनात स्वतःला आळशी आणि लेचीपेची समजत होती. आजाराचं नाव कळून मूल खचेल, अशी आपल्याला भीती असते. माझ्या लेकीच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. नंतर तिने खूप प्रश्न विचारले. पेटीत मला एकटं वाटत असेल का? तू आत यायचीस तेव्हा मला कळायचं का? मी म्हटलं, माझा हात आत आला की तुझं बोट आपोआप मिटायचं.

सगळी मुलं असंच बोलतील असं नाही. कुणी खांदे उडवेल, कुणी चिडेल, कुणी महिनाभर विषयच काढणार नाही. मुलगे तर पुष्कळदा हसण्यावारी नेतात. चालेल. सांगायला दहावी-बारावीच लागते असंही नाही. पाच वर्षांच्या मुलाला ‘तू घाईघाईने आलास, म्हणून तुझी छाती वाढायला थोडा जास्त वेळ घेते’ एवढं पुरतं. पुढे त्यात भर घालत जायचं.

त्यानंतर आम्ही स्पायरोमेट्री करून घेतली. नाव मोठं आहे, तपासणी साधी. नाकाला चिमटा लावतात, नळी तोंडात धरून पूर्ण श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून बाहेर फुंकायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, हा त्यातला मोठा आकडा. सुई नाही, दुखणं नाही. खासगी छातीरोगतज्ज्ञांकडे होते, मुंबईच्या सायन-केईएमसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही होते. पाच-सहा वर्षांच्या पुढची मुलं समजावून सांगितलं की करू शकतात. लेकीचा आकडा अपेक्षेपेक्षा थोडा खाली आला, आजार म्हणावा इतका नाही. पण आता तिच्याकडे तिचा विशीतला आकडा आहे. पुढे कधीही मोजलं तर कशाशी ताडून बघायचं, ते तिला माहीत आहे.

डॉक्टरांनी दर वर्षी फ्लूची लस घ्यायला सांगितली, आणि व्यायाम बंद करू नका म्हणून बजावलं. आपण नेमकं उलट करतो ना? पीटीतून सूट मिळावी म्हणून चिठ्ठी लिहून देतो. अशा मुलांनी हालचाल करायलाच हवी, फक्त आपल्या चालीने. पोहणं, सायकल, चालणं, काहीही. दम लागला की थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. मित्रांबरोबर हिमालयातल्या उंच ट्रेकला निघाली तर मात्र आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. कधी ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही जन्माचं सांगावं.

आणि आपली हवा. बोरिवली असो की घाटकोपर, प्रत्येक गल्लीत एक जुनी इमारत पाडली जातेय आणि एक टॉवर उभा राहतोय. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये हवा इतकी बिघडली, की पालिकेला बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढावी लागली. ते आपल्या हातात फारसं नाही, पण तक्रार करणं आहे. हिवाळ्यात पहाटेच्या वेळी धूर आणि धूळ जमिनीलगत साचलेली असते, तेव्हा फिरायला ऊन थोडं चढल्यावर जावं. एलबीएस रोडच्या कडेने जाण्यापेक्षा आतल्या रस्त्याने. बोरिवली-कांदिवलीकरांना नॅशनल पार्क आहे, त्यांचा मला हेवा वाटतो.

घरातलं मात्र आपल्याच हातात आहे. डासांची कॉइल रात्रभर जळत ठेवणं, बंद खोलीत धूप, बाबांची बाल्कनीतली सिगारेट. बाल्कनीतला धूर आत येतोच. एसीच्या डब्यावर कबुतरांची घाण साचते, तीसुद्धा फुप्फुसांना वाईट. २०२५मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून शहरात मोठा वाद झाला. भूतदया मलाही आहे. पण ज्या घरात असं मूल आहे त्या घराने खिडकीला जाळी लावावी.

सगळ्यात कठीण विषय सिगारेट आणि व्हेप. ई-सिगारेटवर २०१९पासून देशभर बंदी आहे, हुक्का पार्लर राज्यात २०१८मध्येच बंद झाली, तरी कॉलेजच्या आसपास काय मिळतं ते मुलांना विचारा. धुराचं नुकसान सगळ्यांनाच, पण ज्यांची फुप्फुसं आधीच थोडी कमी आहेत त्यांना ते जास्त महागात पडतं. ‘ओढलीस तर बघ’ असं म्हणून काही होत नाही, हे आपण सगळे जाणतो. ज्या मुलाला स्वतःच्या जन्माची गोष्ट माहीत आहे, त्याच्याजवळ निदान नाही म्हणायला स्वतःचं कारण असतं. म्हणूनही सांगायचं.

ज्यांचं बाळ आज आत पेटीत आहे, त्यांना एवढंच. आत्ता हे सगळं डोक्यात घेऊ नका. आत्ता दूध, हात धुणं, कांगारूसारखं छातीशी धरणं, आणि मिळेल तेव्हा झोप. फक्त घरी निघायच्या दिवशी डिस्चार्ज कार्डावर किती आठवडे, किती वजन, आईला स्टेरॉइड दिलं होतं का, सर्फॅक्टंट दिलं का, किती दिवस व्हेंटिलेटर, किती दिवस ऑक्सिजन आणि ‘बीपीडी’ (वेळेआधीच्या बाळांच्या फुप्फुसांचा रेंगाळणारा आजार) असं काही निदान झालं का, हे सगळं लिहिलंय ना बघा. नसेल तर मागून लिहून घ्या. सोनोग्राफीसारख्या चकचकीत कागदावरची अक्षरं काही वर्षांत उडतात, तेव्हा झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा. फुंकण्याची पहिली तपासणी पाच-सहा वर्षांनंतर कधी करायची आणि विशीच्या आत पुन्हा कधी, ते डॉक्टरांना विचारून तिथेच कार्डाच्या मागे लिहून ठेवा.